वाईट माशांची टोपली

त्रू लांगूस गावाच्या किनाऱ्यावर क्लेमांसची टोपली कुणी उपसून बघत नसे. माएबूरहून येणारा बान्यां, म्हणजे मासळी घाऊक उचलणारा व्यापारी, बाकीच्या बायकांच्या टोपल्यांत कोपरापर्यंत हात घाली, कल्ले उघडून हुंगे, पोटं दाबून बघे, नाक मुरडे. क्लेमांसपाशी आला की मावशीला हाक मारावी तशी हाक मारून नुसतं विचारी, "मातांत, आज किती किलो?" आणि सांगेल तेवढे पैसे मोजून पुढे जाई. एवढी पत मिळवायला क्लेमांसची सगळी उमर पाण्यात गेली होती, आणि हे अगदी अक्षरशः.

रीत सासूकडून आलेली. नवऱ्याची होडी पिंजरे उपसून परत यायला लागली की बाईनं वाळूवर फतकल मारून बसायचं नाही. झगा वर खोचून पाण्यात शिरायचं, कमरेएवढ्या पाण्यात होडी गाठायची, टोपली काठावर ओढून तिथल्या तिथं मासे निवडायचे. अंगावर जखम असलेला, पर झडलेला, डोळा पांढरा पडलेला, नुसता रोडावलेलासुद्धा, होडीचा तळ वाळूला लागायच्या आत समुद्राला परत करायचा. परत करताना कपाळापासून छातीपर्यंत क्रूस करायचा. जीव असला तर तो पोहत जाई, नसला तर खेकड्यांचं पोट भरे. गावातल्या सगळ्या जुन्या घरांत हेच चालतं. वाईट मासा वाळूवर उतरला म्हणजे घराची लाज वाळूवर उतरली.

क्लेमांसचा नवरा आन्सेल्म बांबूचे पिंजरे स्वतः विणायचा. खडकांच्या रांगेच्या आतल्या शांत पाण्यात ते सोडायचा आणि एक दिवसाआड उपसायचा. बोलायला बेताचा, हाताला पक्का. मुलगा परक्या देशाच्या जहाजावर स्वयंपाकी, आणि सून योलान घरातच, पहिलटकरीण. असं चौकोनी, बरं चाललेलं घर.

मग ऑगस्टात एक परकं मालवाहू जहाज, मुलाचं नव्हे, आमच्या खडकांवर चढलं. काही दिवस नुसतंच उभं होतं, एखादा आगंतुक पाहुणा दारात उभा राहतो तसं. नंतर फुटलं, आणि आतलं काळं तेल सगळं आमच्या पाण्यात आलं. गाव धावलं. उसाची पाचटं पोत्यांत भरून, शिवून, त्यांच्या लांब माळा तेल अडवायला पाण्यावर सोडल्या. केस तेल शोषतात म्हणून पोरींनी केस कापून दिले. क्लेमांस दिवसभर सुई-दोरा घेऊन पोती शिवत बसे आणि ओठांत जपमाळ चालू असे. शिवता शिवता ती देवमातेला सांगायची, बाई गं, हे आमच्या घराचं अंगण आहे, एवढं वाचव.

तेल उपसलं गेलं, उरलंसुरलं खारफुटीच्या मुळांना चिकटून राहिलं, आणि आतल्या समुद्रात मासे धरायला बंदी आली. मग मासे तपासायला माणसं आली. त्यांची म्होरकी ऊमिला, क्युरपीप शहराकडची, तिशीची, चष्मा घामानं सारखा नाकावर घसरणारी. तिनं गावातली पाच घरं निवडली. तेल जिथं जिथं पोचलं होतं तिथं या घरांनी पिंजरे लावायचे आणि निघालेली मासळी तिला द्यायची. दूर दक्षिणेला, तेल गेलंच नव्हतं तिथल्या खडकांवर तिची स्वतःची माणसं पिंजरे लावणार होती. दोन्हीकडचे मासे ती मापणार, वजन करणार, कातडी बघणार, चिरून काळीज बघणार, मांसाचे तुकडे बर्फात घालून पाठवणार. शेवाळ खाणारा कोर्दोन्ये, खडक कुरतडणारा पोपट मासा, दुसऱ्यांना गिळणारा गोबरा, तिन्ही जातींचे तिला हवे होते.

"मातांत, पिंजऱ्यात येईल ते सगळं मला द्यायचं हं," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

"बोटाएवढालेसुद्धा? ते आम्ही सोडून देतो, वाढायला."

"तेसुद्धा द्या."

"बरं बाई. तुला हवेत तर घे."

म्हणून क्लेमांसनं बोटाएवढालेही दिले. तिच्या मनाला जरा टोचलं, पण दिले. बाकी सगळं रोजच्यासारखं. होडी दिसली की ती पाण्यात शिरे, ऊमिला वर बदामाच्या झाडाखाली बर्फाच्या पेट्या मांडून बसलेली असे, आणि क्लेमांस निवडलेली, धुतलेली, चकचकीत टोपली तिच्यापुढे नेऊन ठेवी. ऊमिला म्हणे, "काय सुंदर मासे आहेत!" क्लेमांसला बरं वाटे. शिकलेल्या बाईसमोर आपली टोपली शोभली, एवढाच त्यातला आनंद. असं ऑक्टोबर उलटून नोव्हेंबर आला.

त्याच बदामाखाली मग सभा झाली. सगळं गाव आलं होतं, लेकरं फांद्यांवर चढली होती. ऊमिलानं कागद वाचून दाखवला. तपासलेल्या माशांत अंगावर जखमा असलेले नावापुरतेच सापडले, पर धड आहेत, मांसात तेलाचा अंश ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे. तेव्हा पुढच्या रविवारपासून आतला समुद्र उघडायला हरकत नाही, असं वरच्या समितीचं मत पडलंय.

पुढचं कुणी ऐकलंच नाही. कुणी शिट्टी मारली, कुणी ढोल काढला, शेजारची जिनेत आपल्या जाड्या नवऱ्याला धरून तिथंच नाचायला लागली. "हळू, हळू, बदाम पडेल!" पोरं वरून ओरडली. त्या रविवारी चर्चमध्ये आभाराचा मिस्सा करायचा आणि होड्यांवर पवित्र पाणी शिंपडायचं, हेही उभ्याउभ्या ठरलं.

क्लेमांसही टाळ्या वाजवत होती. वाजवता वाजवता तिचे हात सावकाश थांबले.

जखमा असलेले नावापुरतेच.

तिला एकेक आठवायला लागला. शेपटीपाशी विडीनं डाग दिल्यासारखा लाल व्रण पडलेला कोर्दोन्ये. कुणी कुरतडल्यासारखे पर झालेला पोपट मासा. पोट खपाटीला गेलेला गोबरा, नुसता हाडांचा सापळा. तिनं त्यांना पाण्यात सोडलं होतं, क्रूस केला होता आणि विसरून गेली होती. पूर्वी असा एखादा कधीमधी निघायचा. या मोसमात टोपलीगणिक मूठभर निघत होते. समुद्र आजारी आहे, उठेल हळूहळू, असं मनाशी म्हणत ती पुढचा मासा हातात घेत असे. ऊमिलाला "सगळे" हवे होते, त्यात हे येतात असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. निवडून टाकलेल्याला तिनं मासळी म्हणून कधी धरलंच नव्हतं.

आन्सेल्म होडी उपडी घालून तिचा तळ खरवडत होता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आन्सेल्म, त्या पोरीला आपण वाईट मासे दिलेच नाहीत."

"मग? वाईट मासे कशाला द्यायचे कुणाला?"

"अरे, तिला तेच बघायचे होते. तेलानं माशांचं काय केलं ते. मी तिला नुसते धडधाकट दाखवले."

आन्सेल्मचा हात थांबला. "किती होते तसले?"

"मोजायला कोण बसलंय? पण फार होते. तुलाही ठाऊक आहे, पिंजरा तूच उपसतोस."

तो परत खरवडायला लागला, पहिल्यापेक्षा जोरात. "जिनेत काय करते? फिलोमेन काय करते? सगळ्या पाण्यातच निवडतात. तुझ्या एकटीच्या टोपलीनं समुद्र उघडत नाही की बंद होत नाही."

"म्हणून तर भीती वाटते. पाचही टोपल्या तशाच गेल्या."

"क्लेमांस, रविवारी समुद्र उघडतोय. ऑगस्टपासून मी एक मासा विकला नाहीये. गावात एका माणसाच्या अंगात दम उरला नाहीये. तोंड बंद ठेव."

त्यानं एवढं लांबलचक बोलणं लग्नानंतर प्रथमच केलं असेल. ती घरात गेली. खोलीच्या कोपऱ्यात देवमातेची मूर्ती होती, पुढे दिवा. क्लेमांस गुडघे टेकून बसली. गावावरचं संकट टळलं म्हणून आभार मानायचे, म्हणून तोंड उघडलं, तर आभाराची प्रार्थना ओठांवर येईचना. पाप कबूल करायची प्रार्थना मात्र न बोलावता येत होती. तिनं ती अर्ध्यात सोडली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी जिनेत कुंपणावरून डोकावली.

"काय गं, वेदीची फुलं ठरली का? मागच्या वर्षी प्लास्टिकची लावली होतीस, देवमाता अजून रुसलीय तुझ्यावर."

"लावीन खरी."

"आणि चेहरा का असा? समुद्र उघडतोय की तुझ्या घरी कुणी गेलंय?"

क्लेमांस कुंपणाशी गेली. "जिनेत, तपासणीच्या दिवसांत तू टोपली कुठं निवडायचीस?"

"कुठं म्हणजे? पाण्यात! चष्मेवालीपुढे सडका मासा ठेवू होय? माझी आई थडग्यातून उठून केस धरून ओढेल मला." आणि जिनेत खो खो हसली. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. क्लेमांसलाही सभेपर्यंत कुठं दिसलं होतं?

आत आली तर योलान पाय पसरून बसलेली, पोटावर बशी ठेवून पपईच्या फोडी खात होती.

"ममा, रविवारी पहिला कोर्दोन्ये माझा हं, आत्ताच सांगून ठेवते. चिंच घालून पातळ रस्सा. डॉक्टरीण म्हणते अंगात लोह कमी आहे, गोळ्या खा. म्हटलं गोळ्या तुम्ही खा, मी मासा खाते."

"रविवारी डाळ करू," क्लेमांस म्हणाली.

"डाळ? मिस्साच्या दिवशी? अख्खं गाव मासा खाणार आणि आपण डाळ?"

"तुला या दिवसांत मासा नको."

"का? कालच तर सांगितलं त्यांनी, मासा चांगला आहे म्हणून."

योलानच्या पोटात तो मासा जाऊ द्यायला ती तयार नव्हती, आणि जिनेतची नातवंडं, फिलोमेनची तान्ही, रविवारी ताटाभोवती बसणार, त्यांना मात्र अडवणार नव्हती. असं कसं चालेल? तिनं चपला घातल्या. मागच्या दारानं निघाली, म्हणजे आन्सेल्म दिसू नये.

ऊमिला मासळी उतरवायच्या धक्क्यावर सामान बांधत होती. क्लेमांसनं आडवळण न घेता सांगितलं, पाण्यात शिरण्यापासून क्रूस करण्यापर्यंत सगळं. ऊमिला ऐकता ऐकता रिकाम्या पेटीवर बसली.

"मी सगळे म्हणाले होते, मातांत."

"बोटाएवढालेसुद्धा दिले ना गं."

"हो. बोटाएवढालेसुद्धा दिलेत." ऊमिलानं चष्मा काढून पुसला, परत घातला. "दक्षिणेकडच्या माशांवर तुमच्यापेक्षा जास्त जखमा निघाल्या. तेल न गेलेल्या पाण्यात जास्त! मी माझ्या माणसांना फैलावर घेतलं, म्हटलं तुम्हीच मासे आपटता, घासता, म्हणून कातडी सोलवटते. बिचारे गप्प ऐकून राहिले. थोड्याफार जखमी माशांशिवाय कुठलाच खडक नसतो, हे मला माहीत होतं. आणि इथं जवळजवळ एकही नाही याचं मी कौतुक करत बसले."

"आता?"

"आता वर कळवावं लागेल. रविवार रद्द होईल. परत पिंजरे लावायचे, परत मोजायचे. कदाचित मासे बरेही असतील, मातांत, तुम्हाला वाटतात तेवढे वाईट नसतीलही. पण मोजल्याशिवाय मी कुणाला खा म्हणू शकत नाही." मग म्हणाली, "मी तुमचं नाव सांगणार नाही."

"सांग. नाहीतर लोक जिनेतवर संशय घेतील, तिची जीभ लांब आहे म्हणून."

नाव सांगायची गरज पडलीच नाही. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. रविवारचा मिस्सा झाला, पण साधा, आभाराचा नव्हे. वेदीची फुलं फिलोमेननं लावली. कुणी क्लेमांसला नको म्हटलं नव्हतं. ती पोचली तेव्हा फुलदाण्या भरलेल्या होत्या, एवढंच. बाकावर तिच्या शेजारी योलान बसली, आणि पलीकडची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. बाहेर पडताना जिनेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काही काही बायकांना स्वर्गात जायची फार घाई असते. जा म्हणावं. आमच्या चुली विझवून कशाला जाता?"

योलान उलटून बोलणार होती. क्लेमांसनं तिचा दंड धरला. "राहू दे. तिच्या घरी सहा तोंडं आहेत."

आन्सेल्म भांडला नाही. रागावलाही नाही, ताट वाढलं की जेवत होता, पण तिच्याकडे बघणं त्यानं सोडून दिलं होतं. ते तिला जिनेतच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुन्हा तपासणी सुरू झाली. पहिल्या दिवशी होडी दिसल्यावर क्लेमांसचे पाय आपोआप पाण्याकडे वळले. ती मुद्दाम वाळूवर थांबली, मुठी आवळून. हे तिला वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. होडीचा तळ वाळूला लागला, आन्सेल्मनं टोपली उचलून ताडपत्रीवर आणून ठेवली, ऊमिला वाकली, आणि क्लेमांसनं आत पाहिलं.

सगळे मासे नवरीसारखे. एकावर ओरखडा नाही.

तिनं आन्सेल्मकडे पाहिलं. तो दोराची गुंडाळी करत होता, गुंडाळून झालेली उलगडून परत करत होता. ऊमिलानंही एकदा टोपलीकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं मापं घ्यायला लागली.

जेवताना क्लेमांस म्हणाली, "परवा पिंजरे उपसायला मी येते."

"होडीत तुझं काय काम?"

"मासे निवडायचं काम माझं होतं. ते तू घेतलंस म्हणून बघायला येते."

योलाननं ताटात मान घातली. आन्सेल्मनं घास गिळला, पाणी प्यायला, आणि नाही म्हणाला नाही.

ठरल्या दिवशी दोघं निघाली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती त्याच्याबरोबर अशी होडीत बसली होती. नंतर मूल झालं आणि ते राहून गेलं. पाणी वरून पाहिलं तर पूर्वीसारखंच होतं, हिरवं, आरपार दिसणारं. आन्सेल्मनं पहिला पिंजरा ओढून काठावर टेकवला, तोंड उघडलं आणि मासे टोपलीत सोडले. त्याचा हात टोपलीत गेला तो सवयीनं गेला, डोळे दुसरीकडेच होते. एक कोर्दोन्ये घेऊन तो बाहेर आला. शेपटीच्या वर मांस उघडं पडलेलं, कडा पांढुरक्या. त्याचा हात पाण्यावर गेला आणि तिथंच थांबला.

"सोडणार आहेस?" क्लेमांसनं विचारलं.

"बघ तरी त्याच्याकडे. हा माझ्या पिंजऱ्यातला म्हणून वाळूवर ठेवायचा? चारचौघांत?" त्याचा आवाज चढला. "माझ्या बापाच्या पिंजऱ्यातून असला मासा कधी उतरला नाही. समुद्र उघडो न उघडो, खड्ड्यात गेला समुद्र! लोक म्हणतील, आन्सेल्मचे मासे सडतात."

तेव्हा तिला कळलं की बंदी उठावी म्हणून तो हे करत नव्हता. तिला वाटलं होतं, गावानं त्याच्याकडून करवून घेतलं असेल. पण त्याचं दुखणं तिच्यासारखंच होतं. याच लाजेपायी तीही कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली होती.

"लोक आत्ता काय कमी म्हणतात?" ती म्हणाली.

त्याला हसू आलं. त्यानं ते आवरायचा प्रयत्न केला, पण आलं. मासा हातात वळवळत होता, त्यानं पकड घट्ट केली.

"तुझ्या बापाच्या पाण्यात असलं तेल सांडलं नव्हतं रे," क्लेमांस म्हणाली. "ही लाज आपली नाही. आपण ती फुकट अंगावर घेतोय आणि ज्यांची आहे त्यांना मोकळं सोडतोय. ऊमिला तेच लिहून घ्यायला बसलीय, आणि आपण तिला नवरीसारखे मासे नेऊन दाखवतो."

आन्सेल्म माशाच्या जखमेकडे बघत राहिला.

"बरं, मला एवढंच सांग. हा रस्सा करून योलानला घालशील?"

"वेडी आहेस का?"

"मग?"

होडी थोडी वाहत गेली, पिंजऱ्याचा दोर ताणला. मग त्यानं तो कोर्दोन्ये टोपलीत ठेवला, टाकला नाही, ठेवला, जखमेची बाजू वर करून. दुसरा पिंजरा उपसताना तो म्हणाला, "देवमातेला काय सांगणार आहेस? समुद्राला परत करायचे, ते मी धरून ठेवले म्हणून?"

"ते तिला मी सांगते. तू दोर ओढ."

किनाऱ्यावर त्या दिवशी बऱ्याच बायका होत्या. क्लेमांस टोपली डोक्यावर घेऊन सरळ ताडपत्रीपाशी गेली आणि सगळ्यांसमोर उपडी केली. धडधाकट मासे होतेच, जास्त तेच होते. पण त्यांच्यात ते बाकीचेही होते, लाल व्रणांचे, पर झडलेले, खपाटीच्या पोटांचे. बायकांनी माना वळवल्या, उघड्या माणसाकडे बघू नये तशा. फिलोमेननं क्रूस केला. क्लेमांसचे कान तापले होते, तरी ती उठली नाही. ऊमिलाच्या शेजारी उकिडवी बसून एकेक मासा तिच्या हातात देत राहिली.

"याची दुसरी बाजूही बघ. आणि हा, याचा डोळा बघ, वरवर धड दिसतो."

मागे सावली पडली. जिनेत टोपली कमरेवर घेऊन उभी होती, चेहरा पावसाळी.

"चष्मेवाले, ही माझी. आज निवडली नाही."

क्लेमांसनं वर पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मी तुझ्याशी बोलत नाहीये," जिनेत म्हणाली आणि टोपली दाणकन खाली ठेवली. तिच्या टोपलीत क्लेमांसच्यापेक्षा जास्त निघाले. ते पाहून ती मटकन वाळूवर बसली आणि तोंडाला पदर लावावा तसा झग्याचा काठ लावून रडायला लागली. समुद्रासाठी, की आईच्या धाकानं, की रागानं, ते तिचं तिलाच ठाऊक. क्लेमांसनं तिच्या पाठीवर हात ठेवला. जिनेतनं तो झटकला. थोड्या वेळानं परत ठेवला, तेव्हा राहू दिला.

मोजणी पुरी झाल्यावर आतला समुद्र बंदच राहिला. नाताळला बंद, नव्या वर्षाला बंद. शेवाळ खाणारे आणि खडक कुरतडणारे सगळ्यात जास्त आजारी आहेत, असं ऊमिला म्हणाली. पुढचं ती आत्ता सांगू शकत नव्हती. एखाद्या वर्षात सावरतील, कदाचित तीन लागतील. बंदीच्या बदल्यात मिळणारा महिन्याचा सरकारी भत्ता चालू राहिला, पण भत्त्यावर बसून राहणारा माणूस आन्सेल्म नव्हता. बांबूचे पिंजरे त्यानं परसात रचून ठेवले आणि गळ-दोर घेऊन खडकांच्या रांगेबाहेर, खोल पाण्यात जायला लागला. तिथं त्याची छोटी होडी कधी गेलेली नव्हती. साठीच्या घरातला माणूस, लाटा फुटतात तिथून होडी काढताना दोनदा पाणी भरलं, एकदा वल्हं गेलं. गावात अजून काही घरं अशी आहेत जी क्लेमांसच्या अंगणावरून जाताना पलीकडच्या बाजूनं जातात. त्यांच्याही माणसांच्या होड्या आता बाहेरच्या पाण्यात जातात.

योलानला मुलगी झाली. बाहेरच्या पाण्यातला पहिला मासा आन्सेल्मनं आणला तेव्हा क्लेमांसनं त्याला उजेडात धरून, उलटापालटा करून, बोटानं दाबून, हुंगून पाहिलं, आणि मगच चिंच भिजत घातली. योलान जेवत असताना ती दारात उभी राहून समुद्राकडे बघत होती. वारा चढला होता, आन्सेल्म पुन्हा बाहेरच्या पाण्यात गेला होता, आणि लाटांच्या त्या पांढऱ्या रेघेपलीकडे होडी दिसत नव्हती.